वकट, लेंड आणि दिडकी

विटीदांडू खेळणाऱ्या मुलांच्या तोंडून वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द आपण सर्वांनीच ऐकले आहेत. ते निरर्थक नव्हेत. तेलुगूत एकाला ओकटि, दोनाला रेंडु, तिनाला मूडु, चाराला नालुगु म्हणतात. ज्या मुलाने तेलंगण कधी पाहिला नाही त्याच्याही जिभेवर खेळाने हे अंक आणून ठेवले. पाचव्या जागी मात्र 'आर' येतो, म्हणजे तेलुगूतील सहा. आणि पुढे तर चक्क डोळा! पण विटीचे अंतर दांडूने मोजताना कोणी एका दांडूचीही सूट देत नसे.

पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनाची औटकी म्हणवून घेत. ती घोकंपट्टी होती, छडीही होती. तिचे गोडवे आम्ही गात नाही. पण तुपाचा भाव शेराला दीड रुपया म्हटला की सात शेरांचे साडेदहा रुपये मुलगा वाण्याच्या आधी सांगे. रुपयाचे आणे सोळा, पायलीचे शेर चार. व्यवहारच चौथाईचा होता.

१ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून दशमान वजने येऊ लागली. हिशेब सोपा झाला, हे मान्यच केले पाहिजे. औटकी गेली याचे आम्हांला दुःख नाही. तिच्यामागून बाजारही मुलांच्या हातून गेला, याचे आहे. पाव किलोचा भाव मंडईत आजही विचारला जातो. पण पिशवी आमच्या हाती, हिशेबही आमच्याच हाती, आणि मूल नुसते शेजारी उभे.