अगंज पोलादाचा वितळजोड आणि त्याची परीक्षा

धातूच्या सांध्याचे बळ अजमावावयाचे तर त्यातून एक पट्टी कापून यंत्रात ताणावयाची, ती तुटेपर्यंत भार वाढवीत न्यावयाचा व तुटण्यापूर्वी ती किती लांबली हे मोजावयाचे, अशी रीत आहे. साध्या पोलादाच्या बाबतीत ती बव्हंशी पुरेशी ठरते. अगंज पोलादाच्या वितळजोडाने मात्र तिचा अपुरेपणा उघड केला.

१९१२ साली एसेन येथील क्रुप कारखान्यात बेन्नो श्ट्राउस व एडुआर्ड मौरर यांच्या संशोधनातून क्रोमियम-निकेल पोलाद पुढे आले. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने केवळ क्रोमियमयुक्त पोलाद तयार केले. ब्रिअर्लीचे पोलाद सुऱ्यांना मानवले. रासायनिक कारखान्यांतील टाक्या व नळ यांकरिता मुख्यतः एसेनचे पोलाद उपयोगी पडले, आणि जोडकामाचा प्रश्न तेथेच उभा राहिला.

ताणयंत्रावर हे सांधे उत्तम उतरत. परंतु तीच टाकी अम्लाच्या सहवासात काही काळ राहिली की सांध्यालगतचा भाग भुसभुशीत होई. या विकारास इंग्रजीत 'वेल्ड डिके', म्हणजे जोडाची कीड, असे नाव पडले. हे नाव दिशाभूल करणारे होय. किडत असे तो जोड नव्हे, तर जोडाच्या दोन्ही अंगांस, त्यापासून किंचित अंतरावर असलेला समांतर पट्टा. नावावरून पाहू जाता दोष जोडणाऱ्याच्या हाताकडे जातो; वस्तुतः तो पोलादाच्या घटनेतच होता.

त्याची उकल अमेरिकेत बेन, ॲबॉर्न व रदरफोर्ड यांनी १९३३ साली केली. जोडकामाच्या वेळी तो पट्टा सुमारे ५०० ते ८०० अंश सेल्सिअस तापमानात रेंगाळतो. तेथे कार्बन क्रोमियमशी संयोग पावून स्फटिककणांच्या सीमांवर साचतो, आणि सीमेलगतचे क्रोमियम गंजरोधास अवश्य असलेल्या सुमारे १२ टक्क्यांच्या खाली उतरते. अम्ल त्या अरुंद वाटेने आत शिरते. धातूचे वजन जवळजवळ तेवढेच राहते, चकाकीही पुष्कळदा टिकते. पण तुकडा जमिनीवर टाकला तर खणखणीत न वाजता फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो.

म्हणून परीक्षेचा क्रमच बदलावा लागला. श्ट्राउसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत नमुना मोरचूद व गंधकाम्ल यांच्या उकळत्या द्रावात ठेवून नंतर वाकवितात. बाहेरील अंगास चिरा पडल्या तर पोलाद नापास. पूर्वी यास ७२ तास लागत. पुढे नमुन्यास तांब्याचा स्पर्श घडविल्याने २४ तास पुरू लागले. येथे वाकविणे ही यांत्रिक कसोटीच आहे, पण ती रोग जडविल्यानंतरची. निरोगी अवस्थेतील ताणबलाचा आकडा याविषयी काहीच सांगत नसे.

उपाय दोन दिशांनी झाले. एक, टिटॅनियम वा निओबियम मिसळून कार्बनला त्यांच्याशी बांधून टाकणे. दुसरा अधिक चतुर म्हणावा लागेल: फिलाडेल्फियाच्या बड कंपनीत अर्ल रॅग्सडेल याने विद्युत्प्रवाह क्षणांशापुरताच देणारी ठिपकेजोडाची रीत बसविली. त्या धोक्याच्या तापमानात धातू रेंगाळतच नसे. १९३४ साली डेन्व्हर ते शिकागो धावलेली झेफर गाडी याच रीतीने जोडलेली होती.

एवढे ज्ञान हाती असूनही १९७४ साली इलिनॉय राज्यातील ड्रेस्डेन अणुवीज केंद्राच्या नळांत जोडांलगत चिरा आढळल्या. तेथे तीव्र अम्ल नव्हते. अतिशुद्ध तप्त पाण्यातील प्राणवायू व जोडकामाने मागे राहिलेला ताण एवढ्यावर काम भागले होते. मोरचुदाच्या द्रावात बुडविलेल्या नमुन्यावर असा ताण नसतो. यानंतर नमुने तप्त पाण्यात बुडवून संथपणे ताणण्याच्या चाचण्यांवर भर देण्यात आला, आणि कार्बन ०.०२ टक्क्यांच्या आत राखलेले पोलाद अशा नळांसाठी वापरात आले.