पाठलाग, तोतया आणि पुरावा

मागच्या आठवड्यात आमच्या बाळापुरात पावसाची झड लागली होती. बाहेर पडायची सोय नाही. नातवाने टीव्हीवर 'पाठलाग' लावून दिला आणि आम्ही दोघे बघत बसलो. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचे वाचू नये, शेवट सांगणार आहे!)

राजा परांजपे यांचा हा चित्रपट १९६४ सालचा. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिका. कथा जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीची. हिंदीत १९६६ साली यावरूनच 'मेरा साया' निघाला. नवऱ्याच्या डोळ्यांदेखत बायको जाते. पुढे पोलीस एक बाई पकडतात, हुबेहूब तशीच. ती म्हणते, मीच यांची बायको. कोर्टात ती संसारातल्या खासगी गोष्टी सांगते, तरी नवरा मानत नाही. शेवटी कळते, गेली ती जुळी बहीण, ही खरी.

जुळी बहीण म्हणजे लेखकाने काढलेली पळवाट, असे पूर्वी मला वाटायचे. या वेळी मात्र पेशवाई आठवली. शाळेत इतिहास शिकवताना भाऊसाहेबांच्या तोतयाचा विषय निघाला की पेंगणारा वर्ग जागा व्हायचा. १७६१ साली सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पुढे एक जण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. काही लोक त्याच्या मागे गेले, कोकणात बंड झाले. अखेर १७७६ साली पुण्यात त्याला देहदंड झाला. दरबारापुरता प्रश्न मिटला. पण भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानलेच नाही. १७८३ साली त्या गेल्या, तोवर त्या वाटच पाहत होत्या. त्यांच्या गोष्टीला शेवटचे रीळ नव्हते. त्या मानाने चित्रपटातली बाई नशीबवान, तिचे खरेपण निदान सिद्ध तरी झाले. म्हणून या वेळी मला शेवट पटला.

तसे मी सौ.ला म्हटलेही. ती म्हणाली, "पुरावा भेटल्यावर तं कोनीबी ओयखते. त्यात त्याचं काय कौतुक?"

मी गप्प बसलो. फार वर्षांपूर्वी घरातले फीचे पैसे हरवले होते. "मी हात लावला नाही" असे ती चार दिवस सांगत होती, आणि मी मास्तरासारखे उलटसुलट प्रश्न विचारत होतो. पाचव्या दिवशी पैसे माझ्याच हजेरीपटात सापडले. मी हसून विषय संपवला. माफी मागायची राहिली.

चित्रपटाचा शेवट गोड आहे, पण तो 'ती कोण' एवढेच सांगतो. नवऱ्याने आधी विश्वास का ठेवला नाही, हे तो विचारत नाही. पार्वतीबाईंनी पुराव्यावाचून विश्वास धरला. आमच्यासारख्यांना तो पुराव्यानंतरच सुचतो.

त्या रात्री माफी मागितली. ती म्हणाली, "कोन्ते पैसे?" खरेच विसरली की मला सोडून दिले, ते विचारायचे धाडस झाले नाही.