उडता पलंग

उडता पलंग : धावपट्टीशिवाय सरळ वर चढता व उतरता येईल का, हे तपासण्यासाठी रोल्स-रॉइस कंपनीने बनविलेले बिनपंखी प्रायोगिक यंत्र. अधिकृत नाव ‘थ्रस्ट मेझरिंग रिग’. नळ्यांची उघडी चौकट आणि चार पाय यांमुळे ते ‘फ्लाइंग बेडस्टेड’ म्हणून प्रसिद्ध झाले. नॉटिंगहॅमच्या वायव्येस सुमारे 11 किमी. वरील हकनॉल विमानतळावर 9 जुलै 1953 रोजी ते प्रथम बांधलेल्या अवस्थेत जमिनीवरून उचलले गेले. 3 ऑगस्ट 1954 रोजी वैमानिक रॉनल्ड शेपर्ड यांनी ते मोकळे उडविले.

हकनॉलला रोल्स-रॉइसची उड्डाण-चाचणी 1934 पासून चाले. कंपनीचे मर्लिन इंजिन बसविलेले मस्टँग लढाऊ विमान 13 ऑक्टोबर 1942 रोजी येथूनच प्रथम उडाले. उडत्या पलंगामागची कल्पना कंपनीचे शास्त्रज्ञ ॲलन आर्नल्ड ग्रिफिथ यांची.

यंत्राचे वजन सुमारे 3.4 टन. दोन नीन जेट इंजिने पाठीला पाठ लावून आडवी बसविली होती आणि त्यांचे झोत खाली वळविले होते. एकाचा झोत मधोमध, दुसऱ्याचा दुभागून दोन्ही बाजूंना. म्हणजे एक इंजिन बंद पडले तरी यंत्र कलंडू नये. खरी अडचण मात्र तोल सांभाळण्याची होती. विमानाचे पंख व शेपटी वेगाने वाहणाऱ्या हवेच्या आधारे काम करतात. जागच्या जागी तरंगताना ती हवाच नसते. म्हणून इंजिनांतील दाबाखालची हवा चार बाजूंच्या तोट्यांतून फवारून तोल राखला जाई. वैमानिक इंजिनांच्या वर, उघड्यावर बसे. या धाडसाची किंमतही मोजावी लागली : 28 नोव्हेंबर 1957 रोजी याच नमुन्याचे दुसरे यंत्र हकनॉलला कोसळून विंग कमांडर लार्सन मृत्युमुखी पडले.

पुढे शॉर्ट एससी-1 या विमानाने 1960 मध्ये उभ्या उड्डाणातून आडव्या उड्डाणात जाऊन दाखविले. सरळ वर चढू शकणाऱ्या हॅरियर या लढाऊ विमानाचे पेगासस इंजिन वेगळ्या विचारातून आले. पण तरंगताना तोल राखायला तेथेही नाक, शेपूट व पंखांच्या टोकांतून हवाच फवारली जाई. भारतीय नौदलाची सी हॅरियर विमाने 1983 मध्ये गोव्यात दाबोळीला उतरली आणि ‘विक्रांत’ व ‘विराट’ या विमानवाहू जहाजांवरून सेवा करून 11 मे 2016 रोजी दाबोळीलाच निवृत्त झाली.

अमेरिकेत चांद्र-अवतरणाच्या सरावासाठी बनविलेल्या यंत्रालाही हेच टोपणनाव मिळाले. त्याचे एक इंजिन वजनाचा पाच-षष्ठांश भार पेली, त्यामुळे वैमानिकाला चंद्रावरच्या गुरुत्वाकर्षणाचा अनुभव येई. 6 मे 1968 रोजी ते बिघडले तेव्हा अंतराळवीर नील आर्मस्ट्राँग आसनासह बाहेर फेकले जाऊन थोडक्यात वाचले. चौदा महिन्यांनी आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले.

हकनॉल विमानतळ 2015 मध्ये बंद झाला. रोल्स-रॉइसचे पहिले यंत्र लंडनच्या सायन्स म्यूझियमच्या संग्रहात आहे.