गवताच्या गंजीपासून नगरपर्यंत

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा निरोप बॅचच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली कोणीतरी लगेच लिहिलं, "कॉम्प्युटरवर नको गं, कळणार नाही." म्हणून इतिहासावर लिहिते आहे. दहावीला इतिहासात मला जेमतेम मार्क होते, हे आपल्या बाईंना आठवत असेलच. पण हा लेख लिहायला कारण त्याच झाल्या.

इंजिनिअरिंग करून नोकरीसाठी अमेरिकेला गेले, त्याला आता वीसेक वर्षं झाली. राहते मॅसॅच्युसेट्समध्ये. तिथल्या आमच्या चर्चमधली कॉलेजची मुलं दर वर्षी कुठेतरी सेवेसाठी जातात. दोन वर्षांपूर्वी भारतात जायचं ठरलं. सोबत कोण जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीच नगर सुचवलं. आता गावाचं नाव अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडी अजून नगरच येतं.

अकरा मुलं, पंधरा दिवस. मुलींच्या एका वसतिगृहात इंग्रजी शिकवायचं, भिंती रंगवायच्या, असा कार्यक्रम. निघण्याआधी मी बाईंना फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "अगं, ये की. पण पंधरा दिवसांत ही मुलं देणार काय? आणि आमच्याकडे काय कमी आहे असं वाटतंय त्यांना?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर तो प्रश्न मला जुन्या जागी लागला. आपल्या वर्गात आम्ही दोनतीन जण ख्रिस्ती होतो. डब्याच्या सुट्टीत कोणीतरी गमतीने म्हणायचं, "तुमचे पैसे अमेरिकेहून येतात ना?" माझे बाबा एसटीत होते. अमेरिकेहून आमच्या घरी कधी साधं पोस्टकार्डही आलं नव्हतं. आणि आता मीच अमेरिकेहून मुलं घेऊन मदत करायला निघाले होते.

म्हणून मी आधी वाचायला बसले. नगर आणि अमेरिका यांचा संबंध नेमका आला कुठून? त्याची सुरुवात माझ्या अमेरिकेतल्या घरापासून गाडीने काही तासांवर सापडली.

विल्यमस्टाउन नावाच्या छोट्या गावात विल्यम्स कॉलेज आहे. ऑगस्ट १८०६ मध्ये तिथले पाच विद्यार्थी शेतात प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं, तेव्हा त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. पाऊस थांबेपर्यंत त्यांच्यात बोलणं झालं ते असं, की आपण समुद्रापलीकडे जायला हवं. त्या जागी आज संगमरवरी खांब आहे, त्यावर पृथ्वीचा गोल. निघण्याआधी मी अकराही जणांना तिथे घेऊन गेले.

त्या बोलण्यातून पुढे १८१० मध्ये 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था निघाली. फेब्रुवारी १८१२ मध्ये तिची पहिली पाच माणसं जहाजाने निघाली. सगळे तिशीच्या आतले. ते समुद्रात असतानाच अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध सुरू झालं. कलकत्त्याला पोचल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना चालते व्हा म्हणून सांगितलं. त्यातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले. तिथेही त्यांना परत पाठवायचा हुकूम निघाला. त्याच वर्षी पार्लमेंटने कंपनीच्या सनदेत बदल केला, म्हणून ते राहू शकले. नॉट आजारपणामुळे १८१५ मध्ये परतले. हॉल थांबले. मराठी शिकले, शाळा काढल्या, मराठी छपाईला हातभार लावला. अमेरिकेला ते परत गेलेच नाहीत. मार्च १८२६ मध्ये नाशिककडे पटकीची साथ होती. जवळचं औषध लोकांना वाटून संपलं, परतीच्या वाटेवर त्यांना स्वतःलाच पटकी झाली आणि वाटेतल्या एका देवळाच्या ओसरीत ते गेले. वय ४१. त्या आधीच्या वर्षी पत्नी आणि मुलं अमेरिकेला गेली होती.

नगरचं मिशन सुरू झालं १८३१ मध्ये. पण आपल्या गावासाठी मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात त्या सिंथिया फॅरार. न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मलेल्या या अविवाहित बाई १८२७ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मुलींच्या शाळा सांभाळायला मुंबईला आल्या. दहा वर्षांनी प्रकृती बिघडली म्हणून घरी गेल्या. घरी राहायला कोणी नाही म्हटलं नसतं. पण १८३९ मध्ये त्या परत आल्या, त्या थेट नगरला. १८६२ मध्ये नगरलाच वारल्या.

त्यांच्या शाळा पाहायला पुण्याहून जोतीराव फुले आले होते. नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून प्रेरणा मिळाली, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. १८४८ मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलं, त्यातलं काही फॅरारबाईंकडे, आपल्या नगरमध्ये. आपण शाळेत ३ जानेवारीला सावित्रीबाईंवर भाषणं केली, पण त्या आपल्याच गावात शिकल्या होत्या हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलं असेल, माझं लक्ष नसेल!

आता दुसरी बाजू. या सगळ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्यांनी तो लपवला नाही. इथल्या देवांबद्दल, चालीरीतींबद्दल त्यांच्यातल्या अनेकांनी मायदेशी जे लिहिलं, त्यातलं बरंच आज वाचवत नाही. लोकांना त्यांचा संशय यायचा, तो उगीच नव्हता. मी त्याच मिशनच्या शाळेत शिकलेल्या आजीची नात आहे. आजीला अक्षरओळख झाली ती त्या शाळेमुळे, हे खरं. आणि त्या पत्रांतला तुच्छतेचा सूर, तोही खरा. दोन्ही एकत्र सांभाळूनच मला हा इतिहास वाचावा लागतो.

वाचता वाचता एक गोष्ट मात्र लक्षात आली. जे टिकलं, ते नुसतं कोणी दिलं म्हणून टिकलं नाही. इथल्या माणसांनी ते पारखून उचललं आणि आपलं केलं, म्हणून टिकलं. जोतीरावांनी धर्म बदलला नाही, मुलींची शाळा तेवढी घेतली आणि ती मिशनच्या पुढे नेली. अहमदनगर कॉलेज १९४७ मध्ये उभं राहिलं ते डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांच्या हातून. तेही अमेरिकेत शिकले होते, पण ते परत आले. आपल्यातले निम्मे तरी त्या कॉलेजात शिकलेत. म्हणजे ये-जा दोन्ही बाजूंनी होती. डब्याच्या सुट्टीत मला हे उत्तर देता आलं असतं तर!

नगरला पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी मुलांना बाईंच्या घरी नेलं. बाईंनी फोनवरचा प्रश्न त्यांनाही विचारला, मी भाषांतर केलं. मुलं गप्प झाली. मग एक मुलगी म्हणाली, "हॉलना भाषा शिकायला किती वर्षं लागली?" बाई हसल्या. म्हणाल्या, "आता योग्य प्रश्न विचारलास."

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यक्रम बदलला. भिंतींना रंगाची गरज नव्हतीच, वसतिगृहाच्या बाईंनी आधी संकोचाने सांगितलं नव्हतं, इतकंच. इंग्रजीचा तास ठेवला, पण त्याच्या आधी मराठीचा तास, आणि त्यात शिक्षिका वसतिगृहातल्या मुली. सातवीतल्या एका मुलीने सहा फूट उंचीच्या पोराकडून 'बाळ', 'फळा', 'शाळा' पंचवीस वेळा म्हणून घेतलं, तरी त्याचा 'ळ' शेवटपर्यंत 'ल'च राहिला. मुलींना इतकं हसताना मी पाहिलं, की इंग्रजीच्या तासालाही त्या मग न लाजता चुका करू लागल्या.

परत गेल्यावर चर्चने अहवालाचा फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता : किती जणांना मदत केली? सॉफ्टवेअरमध्ये मी रोज आकडे भरते, त्यामुळे रकाना रिकामा सोडवत नाही. हॉलनी तेरा वर्षांनी असा फॉर्म भरला असता तर धर्मांतरांच्या रकान्यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. मी लिहिलं, 'शिकून आलेले : १२.' अकरा मुलं आणि मी.

या वर्षी त्यातली दोन मुलं पुन्हा नगरला यायचं म्हणताहेत, या वेळी सहा महिन्यांसाठी. मराठी शिकायला सुरुवात केली आहे. एकीचा 'ळ' जमला आहे.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून पूर्ण आलेलं नाही. पण या वेळी मी गृहपाठ करून आले आहे. स्नेहसंमेलनात भेटू, तेव्हा तपासून द्या.