फायर, फैर आणि अग्ग

एका भाषेंतील शब्द दुसऱ्या भाषेंत गेला म्हणजे तो आपले सगळे अर्थ बरोबर नेत नाहीं. नव्या घरीं त्याला जेवढी जागा मोकळी मिळते, तेवढ्याच अर्थानें तो तेथें नांदूं लागतो. इंग्रजीतला ‘फायर’ हा शब्द पंजाबांत गेला, त्याची हकीकत अशीच आहे. परंतु ती केवळ शब्दांची हकीकत नाहीं. माणसांच्या प्राणांशीं तिचा संबंध आहे.

इंग्रजींत फायर म्हणजे विस्तव. चुलींतला विस्तव, घराला लागलेली आग, रानांतला वणवा या सर्वांना तो एकच शब्द पुरतो. बंदूक उडविणें या क्रियेलाही इंग्रज फायरच म्हणतो, आणि त्याला कारण आहे. जुन्या बंदुकीच्या कानांत रंजक भरून तिला जळता तोडा लावावा लागे. विस्तवावांचून गोळी सुटतच नसे. मराठींत तोफेला ‘बत्ती देणें’ हा प्रयोग याच रीतीनें रूढ झाला. पुढें तोडा गेला, चाप आला, तरी इंग्रजींत विस्तवाचें नांव कायम राहिलें. मनांतील आवेशाला आणि नोकरीवरून दूर करण्यालाही इंग्रजी भाषिक हाच शब्द लावतात.

पंजाबी माणसाजवळ विस्तवासाठीं स्वतःचा जुना शब्द होता. तो शब्द ‘अग्ग’. संस्कृतांतील ‘अग्नि’, प्राकृतांतील ‘अग्गि’ आणि पंजाबींतील ‘अग्ग’ हें एकच कूळ असून मराठी ‘आग’ त्याच कुळांतली आहे. पौषांतल्या कडाक्याच्या थंडींत लोहडीच्या रात्रीं जिच्याभोंवतीं गांव जमतो ती अग्ग. गल्लींतल्या आयाबाया ज्या सामाईक तंदुरावर रोट्या भाजतात त्यांतलीही अग्गच. पोटांतील भूक, मनांतील क्रोध आणि चहाडखोरानें दोन घरांत लावलेलें भांडण या सर्वांना पंजाबी बोली अग्गचीच उपमा देते. गुरुवाणींत तृष्णेचें वर्णन अग्नि म्हणून वारंवार येतें. अशा भरल्या घरांत परक्या शब्दाला विस्तवाच्या अर्थानें जागा कोठून मिळणार?

जागा मिळाली ती बंदुकीपाशीं. महाराजा रणजितसिंहांच्या पदरीं १८२२ सालीं अलार्ड आणि व्हेंचुरा हे युरोपीय सरदार आले. त्यांनीं तयार केलेल्या फौज-इ-खास या सैन्यांत कवाइतीचे हुकूम फ्रेंच भाषेंत दिले जात. विस्तव आणि गोळीबार या दोहोंना फ्रेंच भाषेंतही एकच शब्द आहे, हें येथें लक्षांत घेण्याजोगें आहे. शीखांशीं झालेल्या पहिल्या युद्धानंतर १८४६ सालीं फिरोजपूर व लुधियाना येथें इंग्रजांनीं शीख पलटणी उभारल्या आणि १८४९ सालीं सारा पंजाब खालसा केला. त्यानंतर पंजाबी तरुण इंग्रजी हुकमाखालीं कवाईत करूं लागला. पहिल्या महायुद्धांत तर या एका प्रांतांतून तीन लाखांहून अधिक लढाऊ शिपाई भरती झाले. हुकमांतला ‘फायर’ शिपायाच्या तोंडीं ‘फैर’ झाला आणि त्याच्याबरोबर खेड्यांत गेला. मराठींतही हाच शब्द ‘फैर’ म्हणून नांदतो. आपण बंदुकीची फैर झाडतों आणि सभेंत प्रश्नांचीही झाडतों. पंजाबींत मात्र त्याला आणखी एक विशेषण चिकटलें. गोळीवांचून केलेला बार म्हणजे ‘फोका’ फैर, अर्थात् पोकळ फैर. लक्षणेनें पोकळ धमकीला आणि रिकाम्या बढाईलाही तोच शब्दप्रयोग लावतात.

इंग्रजीच्या एका शब्दाचे असे दोन शब्द पंजाबी माणसानें वेगळे ठेवले होते. १९१९ च्या एप्रिलमध्यें अमृतसरनें त्या दोहोंचाही अनुभव घेतला. ता. १० रोजीं डॉ. किचलू व डॉ. सत्यपाल यांना पकडून शहराबाहेर नेण्यांत आलें. त्यांच्या सुटकेसाठीं निघालेल्या जमावावर रेल्वेच्या पुलापाशीं गोळ्या झाडल्या गेल्या. चिडलेल्या जमावानें मग बँका व नगरभवन यांना आगी लावल्या आणि पांच युरोपियनांचे प्राण घेतले. आधीं फैर आणि मग अग्ग, असा तो क्रम होता.

ता. १३ रोजीं वैशाखी होती. जालियनवाला बागेंत हजारों लोक जमले होते. जनरल डायर आला आणि पूर्वसूचना न देतां त्यानें हुकूम दिला. पन्नास बंदुकांतून सुमारें दहा मिनिटांत १६५० गोळ्या सुटल्या. सरकारी आंकड्याप्रमाणें ३७९ माणसें मेलीं. काँग्रेसच्या चौकशी समितीनें, जिच्यांत मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर होते, मृतांची संख्या याहून पुष्कळच अधिक मानली. घाबरूं नका, हा बार पोकळ आहे, असें सभेंत प्रारंभीं ओरडून सांगण्यांत आल्याचें साक्षींत नमूद आहे. निःशस्त्र, बसलेल्या माणसांवर खऱ्या गोळ्या झाडल्या जातील हें त्या बिचाऱ्यांच्या कल्पनेंतही आलें नाहीं. फोका फैर आणि खरा फैर यांतला भेद जोंवर शब्दांत असतो तोंवर तो विनोदाचा विषय असतो. त्या सायंकाळीं तो जीवन-मरणाचा झाला.

हंटर समितीपुढें डायरनें जबानी दिली, तिच्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. केवळ जमाव पांगविणें हा त्याचा हेतु नव्हता. साऱ्या पंजाबच्या मनावर जरब बसावी, असें त्याला वाटत होतें. म्हणजे फैर झाडतांना वाच्यार्थ त्याच्या दृष्टीनें गौण होता. गोळी लागली ती बागेंतल्या माणसांना, पण ती उद्देशून होती सगळ्या प्रांताला. जरब मात्र बसली नाहीं. त्या फैरींनीं देशभर जें पेटलें त्याला पंजाबी भाषेंत अग्ग हाच शब्द आहे, आणि तो लक्षणेनें वापरला तरी खोटा ठरत नाहीं.

आज पंजाबी शहरांतून आग विझविण्याच्या बंबालाही फायर ब्रिगेड म्हणतात. विस्तवाचा अर्थ त्या शब्दाला उशिरां कां होईना, थोडासा परत मिळाला आहे. पण फैर म्हटल्यावर मनांत येतो तो बंदुकीचाच आवाज. कोशकार शब्दापुढें त्याचे अर्थ क्रमानें मांडतो. त्यांतला कोणता अर्थ लोकांच्या वांट्याला आला हें पाहावयाचें असल्यास अमृतसरच्या त्या बागेंत जावें. तेथील भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आजही जतन करून ठेवलेल्या आहेत.