गहाण विमोचनाचा हक्क

गहाण विमोचनाचा हक्क म्हणजे कर्जाची रक्कम फेडून गहाण ठेवलेली स्थावर मालमत्ता परत मिळवण्याचा ऋणकोचा कायदेशीर हक्क होय. व्यवहारात यास 'गहाण सोडवणे' असे म्हणतात. भारतात हा हक्क मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ६० मध्ये नमूद आहे. मात्र धनको खासगी व्यक्ती आहे, सावकार आहे की बँक आहे, यानुसार वेगवेगळे कायदे लागू होतात आणि हक्काची मुदतही बदलते. त्यामुळे ऋणकोला कधी काही दशके, तर कधी केवळ लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतचाच काळ मिळतो.

संज्ञा व प्रकार

कर्जाच्या परतफेडीची हमी म्हणून स्थावर मालमत्तेतील हितसंबंध धनकोकडे हस्तांतरित करणे म्हणजे गहाण. १८८२ च्या अधिनियमातील कलम ५८ मध्ये गहाणाचे सहा प्रकार दिले आहेत. ग्रामीण महाराष्ट्रात त्यांपैकी दोन विशेष परिचित आहेत:

* ताबेगहाण – जमिनीचा ताबा धनकोकडे जातो व तो उत्पन्नातून व्याज किंवा मुद्दल वसूल करतो.
* सशर्त विक्रीचे गहाण – दस्त खरेदीखताच्या स्वरूपाचा असतो, परंतु ठरलेल्या मुदतीत रक्कम परत केल्यास जमीन परत देण्याची अट असते. बोलीभाषेत यास 'मुदत खरेदी' म्हणतात.

बँक किंवा सहकारी संस्थेकडून घेतलेल्या कर्जाचा बोजा सातबारा उताऱ्यावरील 'इतर हक्क' या रकान्यात नोंदवला जातो व परतफेडीनंतर तो कमी केला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. कर्जखते व गहाणखते हस्तगत करून नष्ट करणे हे या उठावाचे मुख्य लक्षण होते. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला. या अधिनियमाने न्यायालयांना कर्जाच्या मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा अधिकार दिला. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने हा अधिनियम तेथे लागू नव्हता. हैदराबाद राज्याने १९५६ मध्ये शेतकरी ऋणकोंच्या साहाय्यासाठी स्वतंत्र अधिनियम केला.

महाराष्ट्र शासनाने आणीबाणीच्या काळात लहान शेतकरी, शेतमजूर व कारागीर यांना कर्जमुक्त करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये फतेहचंद हिम्मतलाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात तो वैध ठरवला.

व्याजाच्या बाबतीत हिंदू विधीतील दामदुप्पट हा नियम महत्त्वाचा आहे. या नियमानुसार एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू शकत नाही.

विक्री की गहाण?

सर्वाधिक वाद या प्रश्नावर होतात. दस्तावर 'खरेदीखत' असे शीर्षक असले तरी व्यवहार गहाणाचा असू शकतो. भास्कर वामन जोशी विरुद्ध श्रीनारायण रामबिलास अग्रवाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये स्पष्ट केले की, पक्षकारांचा हेतू दस्ताची भाषा व भोवतालची परिस्थिती यांवरून ठरवावा. व्यवहाराच्या वेळची जमिनीची बाजारभावाने किंमत आणि दस्तातील रक्कम यांत मोठी तफावत असणे, किंवा विक्रीनंतरही ताबा मूळ मालकाकडेच राहणे, या बाबी गहाणाकडे निर्देश करतात.

तथापि १९२९ च्या दुरुस्तीने कलम ५८(ग) ला एक परंतुक जोडले. त्यानुसार जमीन परत देण्याची अट विक्रीच्या त्याच दस्तात असल्याखेरीज व्यवहार गहाण मानला जात नाही. प्रकाश विरुद्ध जी. आराध्य (२०२३) या खटल्यात खरेदीखत व परत खरेदीचा करार हे दोन स्वतंत्र दस्त होते. सर्वोच्च न्यायालयाने हा व्यवहार सशर्त विक्रीचे गहाण नसल्याचा निर्णय दिला. परतीची अट वेगळ्या कागदावर लिहून घेतलेल्या किंवा केवळ तोंडी दिलेल्या वचनावर विसंबलेल्या ऋणकोसाठी दिवाणी न्यायालयातील मार्ग यामुळे अतिशय अरुंद होतो.

हक्काची मुदत

मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६१ नुसार विमोचनाच्या दाव्यासाठी ३० वर्षांची मुदत आहे. ताबेगहाणाबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सिंह राम विरुद्ध शिव राम (२०१४) या खटल्यात वेगळी भूमिका घेतली. केवळ गहाणाच्या तारखेपासून ३० वर्षे लोटली म्हणून धनको जमिनीचा मालक होत नाही. उत्पन्नातून किंवा ऋणकोने भरलेल्या रकमेतून कर्ज फिटल्यानंतरच मुदत सुरू होते, असे या निर्णयात म्हटले आहे.

सावकारी अधिनियम व मराठवाडा

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ ने १९४६ चा जुना अधिनियम रद्द केला. त्यातील कलम १८ नुसार सावकाराकडे विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल किंवा अन्य मार्गाने गेलेली स्थावर मालमत्ता प्रत्यक्षात कर्जाची हमी होती असे चौकशीत आढळल्यास जिल्हा निबंधक संबंधित दस्त अवैध घोषित करून ती मूळ मालकास किंवा त्याच्या वारसास परत देण्याचा आदेश देऊ शकतो. मालमत्ता अर्जापूर्वीच्या १५ वर्षांच्या आत सावकाराकडे गेलेली असावी लागते. वेगळ्या कागदावरील अटीमुळे दिवाणी न्यायालयात जो दावा टिकत नाही, त्यालाही या कलमाचा आधार मिळू शकतो.

लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यात ही यंत्रणा सहकार विभागामार्फत चालते. तालुका पातळीवर सहायक निबंधक, तर जिल्हा पातळीवर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, लातूर हे सावकारीचे निबंधक म्हणून काम पाहतात. आदेशाविरुद्ध विभागीय सहनिबंधकाकडे एका महिन्यात अपील करता येते. त्यापुढील दाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे मागितली जाते. समोरची व्यक्ती सावकारीचा व्यवसाय करते हे सिद्ध होणे आवश्यक असते. नातलगाने किंवा परिचिताने एखाद्या वेळी दिलेल्या उसनवारीला हा अधिनियम लागू होत नाही.

बँकांची वसुली

२००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकण्याचा अधिकार दिला. पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक (२०२०) या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचे ठरवले. कलम ३१ नुसार शेतजमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. परंतु गोव्यातील हॉटेलसंबंधीच्या आयटीसी विरुद्ध ब्ल्यू कोस्ट हॉटेल्स (२०१८) या खटल्यात न्यायालयाने केवळ महसुली नोंद पुरेशी मानली नाही. जमिनीचा प्रत्यक्ष वापर पाहिला.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होताच विमोचनाचा हक्क संपतो, असा निर्णय सेलिर एलएलपी विरुद्ध बाफना मोटर्स (२०२३) या खटल्यात देण्यात आला.

दिवाळखोरीशी संबंध

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ नुसार कंपनीविरुद्धचा अर्ज स्वीकारला जाताच तारणावरील वसुलीला स्थगिती मिळते. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज विरुद्ध आयसीआयसीआय बँक (२०१७) या खटल्यात ही संहिता महाराष्ट्राच्या १९५८ च्या साहाय्य उपक्रम कायद्यापेक्षा वरचढ ठरली.

व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांना लागू करण्यात आला. संहितेत गरीब ऋणकोंसाठी 'नव्याने सुरुवात' अशी कर्जमुक्तीची प्रक्रिया आहे. परंतु त्यासाठी वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत व कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत असावे आणि स्वतःचे घर नसावे, अशा अटी आहेत. त्यामुळे हा भाग सर्वांना लागू झाला तरी घर व थोडी जमीन असलेला शेतकरी त्यात बसत नाही.

अभ्यास

ऋणकोच्या संरक्षणाचा कर्जपुरवठ्यावर काय परिणाम होतो, हा संशोधकांमधील प्रमुख प्रश्न आहे. लतिका चौधरी व आनंद स्वामी यांनी २०१७ मध्ये १८७९ च्या अधिनियमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. संरक्षणानंतर कर्जपुरवठा आक्रसला, असे त्यांना आढळले. दुसऱ्या बाजूस, कर्जवसुली न्यायाधिकरणांवरील २०१२ च्या एका अभ्यासात उल्फ फॉन लिलिएनफेल्ड-टोआल, दिलीप मुखर्जी व सुजाता विसारिया यांनी वसुली कठोर केल्याने कर्ज लहान ऋणकोंकडून मोठ्या ऋणकोंकडे वळते, असे दाखवले. दोन्ही अभ्यासांतून संरक्षण व वसुली या दोहोंचा भार लहान ऋणकोवर वेगवेगळ्या मार्गांनी पडतो, हे स्पष्ट होते.

हेही पहा

* दख्खनचा उठाव (१८७५)
* दामदुप्पट
* सातबारा उतारा
* नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६