चिखलाची साक्ष

१८५३-५४चा हिवाळा. स्वित्झर्लंडमधल्या झुरिच सरोवराचे पाणी फार खाली गेले होते. ओबरमाइलेन गावात उघड्या पडलेल्या काठावर काम सुरू झाले आणि चिखलातून लाकडी खांबांच्या रांगा दिसू लागल्या. सोबत दगडी कुऱ्हाडी, शिंगाची हत्यारे, खापरे. फर्डिनांड केलर या अभ्यासकाने १८५४मध्ये निष्कर्ष काढला, की प्राचीन माणसे पाण्यात खांब रोवून, त्यांवर फळ्यांचा मोठा मंच घालून राहत. त्याने प्रसिद्ध केलेल्या चित्रावर न्यू गिनीतल्या एका गावाच्या चित्राची छाप होती.

श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. एखादी प्रतिमा मनात किती लवकर घर करते, हे मला ठाऊक आहे. पाण्यावरचे गाव! १८४८मध्ये संघराज्य झालेल्या, अनेक भाषा बोलणाऱ्या त्या देशाला सगळ्यांचे असे पूर्वज मिळाले. शाळांच्या भिंतींवर ती चित्रे लागली.

विसाव्या शतकात ऑस्कर पारेट, एमिल फोग्ट यांनी शंका घेतली. घरे पाण्यावर नव्हती, काठावरच होती, असे ते म्हणू लागले. वाद पेटला. खांब दोन्ही बाजूंनी साक्ष देत होते. निकाल लागला तो गाळामुळे.

उथळ, शांत पाण्यात चुना साचतो आणि त्याचा पांढरट थर बसतो. वस्तीचा थर मात्र तपकिरी असतो. त्यात राख, शेवाळ, बिया, चुलीची माती, शेण असते. घरे कायम पाण्यावर असती, तर हा केरकचरा पाण्यात विखुरला असता. जमीन कायम कोरडी असती, तर तो कुजून गेला असता. प्रत्यक्षात काय सापडते? तपकिरी थरांच्या मधे चुन्याच्या आणि वाळूच्या बारीक रेघा. अभ्यासक चिखलाची वडी राळेत घट्ट करतात, तिचा सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली या रेघा वाचतात.

बोडन सरोवराकाठचे आर्बोन ब्लाइखे ३ हे गाव घ्या. लाकडांच्या वर्षवलयांवरून ते इसवी सनापूर्वी ३३८४मध्ये वसले आणि ३३७०च्या सुमारास जळाले. तिथल्या शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांत हिवाळी चाऱ्याचे अवशेष मिळाले. म्हणजे जनावरे हिवाळ्यात वस्तीजवळच होती. गाव उभे होते ते ओल्या काठावर. बर्फ वितळले की पाणी चढे, म्हणून जमिनीपासून उचललेली घरे. केलर पूर्ण चुकला नव्हता, पारेटही नाही. सरोवर दरवर्षी पुढे-मागे होत होते आणि माणसे त्याच्या तालाने राहत होती.

२०११मध्ये आल्प्सभोवतालच्या सहा देशांतली अशी १११ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. पण हा थर ओला आहे, त्यात हवा शिरत नाही, तोवरच तो टिकतो. पाणथळ जमिनीचा निचरा केला किंवा लाटांनी काठ खरवडला, की पाच-सहा हजार वर्षे जपलेले सारे काही वर्षांत नाहीसे होते. खांब उपटून संग्रहालयात ठेवता येतील. ते कुठल्या पाण्यात, कुठल्या ऋतूत उभे होते, हे मात्र भोवतालचा चिखलच सांगतो. पूर्वजांचे चित्र रंगवण्याची घाई सगळ्याच देशांना असते. त्याआधी पायाखालचा गाळ एकदा नीट वाचावा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)